दारातली गाडी आणि मागवलेली गाडी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते अर्थशास्त्र शिकवत घरखर्चाच्या वहीवरून. कुठलाही प्रश्न देशाचा, शहराचा म्हणून समोर आला की तो एका कुटुंबाच्या जमाखर्चात कसा दिसतो, हे ते आधी विचारत. म्हणून आजचा विषय मी त्यांच्या पद्धतीने निवडला आहे. शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःची मोटार न घेता, किंवा असलेली विकून, लागेल तेव्हा फोनवरून गाडी मागवून संसार चालवता येईल का?

हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी पडला नसता. मुंबईत काळी-पिवळी होती, पण पुण्यात, नाशकात, नागपुरात टॅक्सी म्हणजे लग्नाला किंवा विमानतळावर जायला ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलेली गाडी. २००७ साली मुंबईत मेरूच्या फोनवर बोलावायच्या टॅक्सी आल्या. डिसेंबर २०१०मध्ये ओला मुंबईतच सुरू झाली. २०१३ साली उबर बंगळूरमधून भारतात आली. पुढची तीन-चार वर्षे भाडी इतकी कमी होती की रिक्षापेक्षा मोटार स्वस्त पडू लागली. त्या काळात अनेकांना मनापासून वाटले की आता गाडी घेण्याचे दिवस संपले. प्रत्यक्षात त्याच काळात सोसायट्यांच्या आवारात गाड्या वाढत गेल्या. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी वही उघडू. मी गोल आकडे घेतो. प्रत्येकाने त्या जागी आपले घालून पाहावेत. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख रुपये लागले आणि आठ वर्षांनी ती तीन लाखांना विकली, असे धरू. म्हणजे घसारा वर्षाला ८७,५०० रुपये. गाडीत सरासरी साडेसहा लाख रुपये अडकून राहतात. ते ठेवीत असते तर सात टक्क्यांनी ४५,५०० रुपये व्याज मिळाले असते. कर्ज काढून गाडी घेतली असेल तर हा आकडा आणखी मोठा होतो. विमा २०,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून सरासरी २०,०००. गाडी धुणाऱ्याचा पगार, सोसायटीचे पार्किंग, बाहेरचे पार्किंग मिळून १२,०००. ही झाली वर्षाला १,८५,००० रुपयांची बेरीज. गाडी जागची हलली नाही तरी हा खर्च होतोच.

आता पेट्रोल. शहराच्या गर्दीत लिटरला तेरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरला आठ रुपये. वर्षाला ६,००० किलोमीटर गाडी फिरली, तर पेट्रोलचे ४८,००० रुपये. एकूण २,३३,०००. म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ३९ रुपये पडले.

दुसऱ्या बाजूला मागवलेली गाडी. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने जानेवारी २०२४पासून वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये दर ठरवला. अ‍ॅपवरचे भाडे कधी त्याच्या खाली, कधी वर असते, पण हिशेबाला तो दर चांगला. ६,००० किलोमीटरला दीड लाख रुपये होतात. म्हणजे दारात गाडी उभी करण्यासाठी हे कुटुंब वर्षाला ८३,००० रुपये जास्त मोजते. दोन्ही खर्च कुठे सारखे होतात? १,८५,००० ला सतराने भागा: साधारण ११,००० किलोमीटर. रोजचे तीस किलोमीटर. ज्याची गाडी रोज सरासरी तीस किलोमीटरपेक्षा कमी फिरते, त्याला मागवलेली गाडी स्वस्त. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीचा काटा वर्षाला एवढा पुढे सरकत नाही.

मग लोक चुकतात का? मला तसे वाटत नाही. वहीतल्या १,८५,००० चा निर्णय कुटुंब आठ वर्षांत एकदाच घेते. त्यानंतर रोज सकाळी समोर प्रश्न असतो तो आठ रुपये की पंचवीस रुपये, एवढाच. एकदा गाडी दारात आली की प्रत्येक फेरीला तीच स्वस्त दिसते, आणि त्या दिवसापुरती ती स्वस्त असतेही. म्हणून ज्या घरात गाडी येते त्या घराची बस सुटते, रिक्षा सुटते, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचे चालणेही सुटते. याच्या उलट मागवलेल्या गाडीचे पैसे प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर जातात. ३०० रुपयांचे भाडे खटकते, कारण ते दिसते. घसारा खटकत नाही, कारण त्याची पावती कोणी देत नाही.

पण एवढ्याने विषय संपत नाही. कुटुंब गाडी घेते तेव्हा ते किलोमीटर विकत घेत नाही. ते भरवसा विकत घेते. टाटांच्या नॅनोची गोष्ट आठवा. पावसात एका स्कूटरवर जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ती कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. जानेवारी २००८मध्ये गाडी लोकांपुढे आली, दहा वर्षांत बंद पडली, पण त्या चित्रातले दुःख खोटे नव्हते. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांकडे दुचाकी आहे आणि शंभरातल्या साधारण आठांकडेच मोटार. दुचाकीवरून मोटारीकडे जाणाऱ्या कुटुंबाच्या मनात एक यादी असते. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले तर? बारीक ताप असलेल्या बाळाला जुलैच्या पावसात डॉक्टरकडे न्यायचे असेल तर? मुलीचा क्लास रात्री साडेनऊला सुटतो. आईच्या गुडघ्यांना बसची पायरी चढवत नाही. गणपतीला चिपळूणला जायचे आहे आणि एसटीचे आरक्षण संपलेले आहे.

या यादीपुढे फोनवरची गाडी ठेवून पाहा. गाडी नोंदवली, चालकाचा फोन येतो, आणि तो दोन प्रश्न विचारतो: ड्रॉप कुठे आहे? पैसे कॅश की ऑनलाइन? उत्तर सोयीचे नसले की फेरी रद्द. पाऊस आला की भाडे दीडपट-दुप्पट. चौघे जण सामानासकट स्टेशनला निघाले तर डिकीत सीएनजीची टाकी असते आणि बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात. तान्ह्या मुलासाठी वेगळे आसन नाही. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या माणसाला तर प्रत्येक वेळी नव्या चालकाची विनवणी करावी लागते.

आणि स्त्रिया. मोटार चालवायला शिकलेल्या बाईला गाडीची किल्ली म्हणजे काय, हे हिशेबाच्या वहीत मावत नाही. कोणाला न विचारता, कोणाची वाट न पाहता, रात्री अकराला मैत्रिणीकडून एकटीने परत येता येणे ही आपल्या समाजात अजूनही सहज मिळणारी गोष्ट नाही. डिसेंबर २०१४मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर चालकांची पडताळणी, मदतीचे बटण, प्रवासाचा माग घरच्यांना दाखवणे अशा सोयी आल्या. त्या आवश्यक होत्या. पण घरातल्या मुलीला रात्री गाडीत बसवून देताना आजही आपण नंबरप्लेटचा फोटो काढतोच. जी सेवा वापरताना एवढी धास्ती असते, तिच्या जोरावर कोणी गाडी विकणार नाही.

आता उलट बाजूने पाहू. समजा भरवसा मिळाला, भाडीही ठीक राहिली, आणि पुण्यातल्या सगळ्या मोटारवाल्या कुटुंबांनी उद्या गाड्या विकल्या. तेवढ्याने चालेल? पार्किंगवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप दाखवून देत की खासगी मोटार तिच्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. हे ऐकल्यावर वाटते, मग थोड्याच गाड्या सगळ्यांना पुरतील. अडचण अशी की सगळ्यांना गाडी लागते ती एकाच वेळी. सकाळी साडेआठ ते साडेदहा हिंजवडीचा रस्ता पाहा, किंवा संध्याकाळी मगरपट्टा. दुपारी तीन वाजता रिकाम्या उभ्या असलेल्या हजारो गाड्यांचा सकाळच्या नऊला काही उपयोग नसतो. शिवाय मागवलेली गाडी एक प्रवासी सोडून दुसऱ्याकडे रिकामी धावते. स्वतःची गाडी ऑफिसच्या तळघरात जाऊन थांबते. टॅक्सी रस्त्यावरच राहते.

अमेरिकेत हे मोजून झाले आहे. सॅन फ्रान्सिस्को हे उबरचे जन्मगाव. तिथल्या काउंटी वाहतूक प्राधिकरणाने २०१८ साली अहवाल दिला: २०१० ते २०१६ या काळात शहरात जी वाहतूककोंडी वाढली, तिच्यातला सुमारे निम्मा वाटा अ‍ॅपवरच्या टॅक्सींचा होता. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने अशा गाड्यांच्या नव्या परवान्यांवर मर्यादा घातली. बहुतेक लोकांनी मोटार सोडून टॅक्सी धरली नव्हती. बस, मेट्रो आणि पायी चालणे सोडून धरली होती.

लिस्बनचा अभ्यास मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरम या संस्थेने २०१५ साली त्या शहराचे सगळे प्रवास संगणकावर मांडून विचारले की खासगी मोटारींच्या जागी चालकाविना धावणाऱ्या, मागवायच्या गाड्या आल्या तर काय होईल. लोक एकमेकांसोबत बसून जाणार असतील आणि मेट्रो चालू असेल, तर दहातल्या एका गाडीने सगळे काम भागत होते. पण लोक एकेकटेच गाडीत बसणार असतील आणि मेट्रो नसेल, तर रस्त्यावर धावणारे एकूण किलोमीटर जवळपास दुप्पट होत होते. गाड्या त्याच, तंत्रज्ञान तेच. फरक पाडला तो मेट्रोने आणि एका गाडीत शेजारी बसण्याच्या तयारीने.

शेजारी बसण्याची तयारी आपल्याला नवी नाही. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीने रोज हजारो लोक जातात. कोणी कोणाला ओळखत नाही आणि भाडे ठरलेले असते. कोल्हापूर-सांगलीकडचे वडाप, मराठवाड्यातली काळी-पिवळी, पुण्यातल्या सहा आसनी रिक्षा, या सगळ्या म्हणजे कुटुंबांनी आपल्या बळावर उभ्या केलेल्या सामायिक गाड्याच. त्यांत दाटीवाटी आहे, धोका आहे, त्यातल्या बऱ्याचशा कायद्याच्या कडेने चालतात. पण गाडी वाटून घेण्याची कल्पना भारतीय माणसाला शिकवायला परदेशी कंपनीची गरज नव्हती. अ‍ॅपवरची शेअरिंगची सोय मार्च २०२०मध्ये करोनामुळे थांबली. स्टेशनबाहेरची शेअर टॅक्सीची रांग टाळेबंदी उठताच पुन्हा लागली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

आपण म्हणतो, गाडीची मालकी नको, सेवा हवी. पण मालकी हवेत विरत नाही. तुम्ही जी गाडी विकत घेतली नाही, ती दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे. कंपनीने नाही; कंपनीकडे अ‍ॅप आहे. गाडी घेतली आहे साताऱ्याहून, बीडहून, लातूरहून आलेल्या एका माणसाने, बहुतेक वेळा कर्ज काढून, कधी घरचे दागिने मोडून. तेही एक कुटुंबच आहे. या प्रश्नात एक नाही, दोन कुटुंबे आहेत, आणि दुसऱ्या कुटुंबाची वही आपण कधी उघडत नाही.

ती उघडू. समजा तो रोज दीडशे किलोमीटर गाडी चालवतो आणि त्यातले शंभर किलोमीटर प्रवासी असतो. किलोमीटरला २५ रुपये भाडे, त्यातले ८० टक्के त्याला. हातात आले २,०००. सीएनजी सहाशेचा. हप्ता, कामाच्या दिवसांवर वाटला तर, सहाशे. विमा, परवाना, टायर, देखभाल तीनशे. उरले पाचशे रुपये. यासाठी दहा-बारा तास. आता तेच भाडे १८ रुपयांवर आणा. हातात येतात १,४४०, खर्च तेवढाच दीड हजार, आणि घरी न्यायला काहीच उरत नाही. आपल्याला स्वस्त वाटलेल्या त्या भाड्यात आधी गुंतवणूकदारांचा पैसा होता. तो आटल्यावर चालकाच्या गाडीचा घसारा होता. आपल्या वहीतून आपण जो घसारा पुसला, तो त्याच्या वहीत नोंदवला गेला, आणि त्याची वही आपल्या वहीपेक्षा पातळ आहे.

२०१४–१५ साली बोनसच्या जाहिराती पाहून अनेकांनी गाड्या घेतल्या. बोनस कमी होत गेले, हप्ते तेवढेच राहिले. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबईतले चालक संपावर गेले आणि तो संप दहा दिवसांहून जास्त चालला. जुलै २०२५मध्ये ते पुन्हा आझाद मैदानात बसले. मागणी तीच होती, काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर द्या. या काळात आपण वर्तमानपत्रात वाचले ते प्रवाशांचे हाल. तेही खरे होते. पण “ड्रॉप कुठे आहे?” या प्रश्नाचा उगम कळायला हवा. लोणीकाळभोरला सोडून पंधरा किलोमीटर रिकामे परत यायचे आहे आणि त्या डिझेल-सीएनजीचे पैसे कोणी देत नाही, हे चालकाला माहीत असते. तो उद्धट आहे म्हणून फेरी रद्द करत नाही. त्या फेरीत त्याला खोट बसते म्हणून करतो. आपल्याला न मिळणारा भरवसा आणि त्याला न मिळणारे भाडे, या दोन्हींचे कारण एकच आहे.

नियम थोडे पुढे सरकले आहेत. केंद्राच्या १ जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळायला हवा, आणि विनाकारण फेरी रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड आहे. मात्र त्याच सूचनांनी गर्दीच्या वेळचे भाडे दुपटीपर्यंत वाढवायला मोकळीक दिली. २०२०मध्ये ती मर्यादा दीडपट होती. महाराष्ट्राने आपल्या धोरणात दीडपटीवर थांबायचे ठरवले, हे मला योग्य वाटते. ज्याला कुटुंबाने गाडीच्या जागी धरावे, त्याचे भाडे पावसाच्या पहिल्या सरीबरोबर दुप्पट होऊन कसे चालेल? बंगळूरमध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेला सोबत घेऊन २०२२ साली ‘नम्म यात्री’ हे अ‍ॅप सुरू झाले. तिथे फेरीमागे कमिशन नाही, चालक दिवसाला ठरलेली छोटी रक्कम भरतो. त्याचा दबाव एवढा पडला की २०२५पर्यंत मोठ्या कंपन्याही दैनिक शुल्काच्या पद्धतीकडे वळल्या.

ज्या राज्यात १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला, त्या राज्यात टॅक्सीचालकांची मोठी, नांदती सहकारी संस्था अजून का नाही, हे कोडे मला अस्वस्थ करते. बाबा आढावांच्या रिक्षा पंचायतीने पुण्यात दाखवून दिले की सुटे सुटे चालक एकत्र येऊ शकतात. प्रवरेकाठच्या त्या कारखान्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर धनंजयराव गाडगीळ होते. याच गाडगीळांनी गोगटे यांच्यासह मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून १९३५ साली ती गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केली होती. त्या काळी खेडोपाडी खासगी मोटारी धावत. एकेका गाडीचा एकेक मालक, भाड्यात चढाओढ, गाडी भरली की सुटणार. आजच्या अ‍ॅपच्या बाजारात तेच चालले आहे. त्याला आपण त्या वेळी दिलेले उत्तर होते वेळापत्रक: १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि प्रवासी पाच असोत की पन्नास, ती ठरल्या वेळी सुटू लागली. भरवसा तिथे तयार झाला.

गोव्याकडे पाहिले की हाच मुद्दा उलट बाजूने पटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या मघाच्या आकड्यांत देशात सर्वाधिक, शंभरातल्या जवळपास ४५ कुटुंबांकडे मोटार आहे ती गोव्यात. आणि गोव्यात ओला-उबर रुजल्या नाहीत. सरकारच्या पर्यटन महामंडळाने २०१८ साली आणलेल्या गोवा माइल्सलाही टॅक्सीवाल्यांचा कडवा विरोध झाला. गोव्याला मागवायच्या वाहनाची सवय नाही असे नाही. काळ्या-पिवळ्या दुचाकीवरून माणूस पोचवणारे ‘पायलट’ तिथे कित्येक दशकांपासून आहेत. पण संध्याकाळनंतर गावात जाणारी बस मिळत नाही, टॅक्सी परवडत नाही, म्हणून घरटी गाडी. गोवेकर चैनीसाठी गाडी घेतो असे म्हणणे अन्यायाचे आहे.

उलट मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सुखवस्तू कुटुंबांनीही मोटारीशिवाय संसार केले. दादर-पार्ल्याचा डॉक्टर, वकील, प्राध्यापक लोकलने जात असे. १९२६ पासून बेस्टची बस होती, रात्री-अपरात्री नाक्यावर मीटरवर चालणारी काळी-पिवळी होती. ती टॅक्सी रोजच्या प्रवासासाठी नव्हती. रोजचा भार लोकल आणि बस उचलत. टॅक्सी होती ती आजारपणाला, सामानाला, लग्नकार्याला. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर याच व्यवस्थेत आहे. कुटुंबाची गाडी टॅक्सी सोडवत नाही, बस सोडवते. बस आणि मेट्रो रोजचे प्रवास भरवशाने करू लागली की उरलेल्या थोड्या फेऱ्यांसाठी टॅक्सी पुरते, आणि त्या थोड्या असल्यामुळे चालकाला न्याय्य भाडे देणेही कुटुंबाला परवडते.

परदेशातही हेच दिसते. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दोन छोट्या सहकारी संस्था १९९७ साली एकत्र आल्या आणि ‘मोबिलिटी’ झाली. आज तिच्या सुमारे ३,००० लाल गाड्या देशभर, अनेक रेल्वे स्टेशनांवरही, उभ्या असतात. सभासद तासावर गाडी घेऊन जातात. ती टिकली, कारण तिच्या पाठीशी वेळेवर धावणारी रेल्वे आहे. याउलट फिनलंडमध्ये २०१६ साली ‘व्हिम’ नावाचे अ‍ॅप आले. महिन्याला ४९९ युरो भरा आणि बस, टॅक्सी, भाड्याची मोटार सगळे वापरा, गाडी विका, असे त्याचे सांगणे होते. जगभर त्याची वाखाणणी झाली. २०२४मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

आपल्याकडे मात्र आपण नेमके उलटे करत आहोत, आणि हे मला तीव्रपणे सांगायचे आहे. २०२५ या एकाच वर्षात मे महिन्यात मुंबईत बेस्टचे आणि जूनमध्ये पुण्यात पीएमपीचे किमान तिकीट पाचावरून दहा रुपये झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छोट्या मोटारींवरचा जीएसटी, उपकर बाजूला ठेवला तरी, २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बस दुप्पट महाग, मोटार स्वस्त. सरकारच्या मनात काय आहे याचा कुटुंब यातून जो अर्थ काढते, तो अगदी बरोबर काढते. पार्किंगचेही तसेच. टोकियोत १९६२च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडी घेता येत नाही. सिंगापूरने १९९० पासून गाड्यांची संख्याच कोट्याने बांधली आणि २०१८ पासून खासगी मोटारींची वाढ शून्यावर आणली. पण त्याबरोबर बस आणि मेट्रोही घराजवळ आणून दिली. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केले आणि ते कागदावर राहिले. रस्त्यावर फुकट उभी राहिलेली प्रत्येक मोटार बसची जागा अडवते, आणि त्या जागेचे भाडे बसमधला माणूस आपल्या वेळेने भरतो.

तर माझा निर्णय असा. घरातली दुसरी मोटार आजच विकावी. तिचा हिशेब कुठल्याही बाजूने जुळत नाही. पहिली मोटार ज्यांनी अजून घेतलेली नाही, घरापासून मेट्रो, लोकल किंवा चांगल्या बसचा थांबा दहा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि वर्षाचे किलोमीटर अकरा हजारांच्या आत राहतील, त्यांनी घेऊ नये. टॅक्सी-रिक्षासाठी महिन्याला दहा हजार रुपये बाजूला काढावेत आणि ते खर्च करताना हात आखडू नये. ती उधळपट्टी नाही, ती त्या दहा लाखांच्या जागी आहे. ज्यांच्या घरी रुग्ण किंवा अपंग माणूस आहे, जे वाघोली, मांजरी, पिरंगुटसारख्या शहराच्या कडेला राहतात, ज्या बाईची नोकरी रात्रपाळीची आहे, त्यांना गाडी विका असे सांगण्याचा अधिकार आज कोणालाही नाही. तालुक्याच्या गावात हा प्रश्नच वेगळा आहे. तिथे आधी एसटीची संध्याकाळची फेरी परत हवी.

आणि एक विनंती. फोनवर मागवलेल्या गाडीतून उतरताना भाडे कमी आले म्हणून आनंद होतो, तेव्हा चालकाला त्यातले किती मिळाले हे एकदा विचारा. तुमच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा उड्डाणपुलाबद्दल नंतर बोला. आधी विचारा की माझ्या थांब्यावर बस किती मिनिटांनी येणार, आणि ते उत्तर लेखी मागा.